तुम्ही विचारलंत म्हणून: उसगाळीमळचं चक्र ग्रीसहून आलं का?

गोव्यात सांगे तालुक्यात, कुशावतीच्या काठी उसगाळीमळ आहे. तिथं पाहुण्यांना नेलं की हा प्रश्न ठरलेला. जांभ्या खडकावर कोरलेले बैल, हरणं आणि त्यांच्यातच एक मोठं गोल चक्र. वाटाड्या त्यावर तांब्याभर पाणी ओततो, रेषा उठून दिसतात आणि कुणीतरी मोबाइल पुढे करतं: "ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या जुन्या नाण्यावर हुबेहूब हेच आहे! कुणी कुणाकडून घेतलं?"

मी आधी त्या 'हुबेहूब'पाशीच अडतो. गोलात गोल काढले की चक्रव्यूह होत नाही. स्कॉटलंडच्या कातळांवर वाटीएवढे खळगे आणि त्यांभोवती कडी कोरलेली आहेत; त्यांनाही लोक याच पंगतीत बसवतात. पण त्या कड्यांमधून आत नेणारी वळणावळणाची वाट नसते. नाण्यावरच्या आकृतीत ती असते, एकच, फाटे न फुटणारी. म्हणून नुसतं बघू नका, रेषांमधून बोट फिरवा. (फोटोवर! कातळावर नको.)

ती आकृती काढायची रीत आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी आहे. मधे फुली, चार कोन, चार ठिपके. मग टोकं क्रमानं जोडत गेलं की सात फेरे आपोआप पडतात. अशी युक्ती एकानं दुसऱ्याला शिकवली असेल, हे मला पटतं. आपल्याकडे कर्नाटकात हळेबीडच्या १२व्या शतकातल्या मंदिरावर अभिमन्यूचा चक्रव्यूह अशाच वाटेनं कोरलाय, फक्त मध्यात गुंडाळी आहे.

पण कुणी कुणाकडून, हे ठरवायला वय लागतं. ग्रीसमधल्या पायलॉसची, अशाच वाटेची चौकोनी आकृती इसवीसनपूर्व १२००च्या सुमाराची, हे पक्कं. ओल्या मातीच्या पाटीवर कुणीतरी ती ओरखडली, तिथला राजवाडा जळाला आणि त्या आगीत पाटी भाजून टिकली. कातळाचं असं नशीब नसतं. उसगाळीमळच्या वयाचे अंदाज हजारो वर्षांनी मागेपुढे होतात. आणि फलकावरचं वय तर मी कधीच प्रमाण मानत नाही. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या रॉकी व्हॅलीत अशा दोन आकृत्यांजवळ 'कांस्ययुगीन' अशी पाटी लावलेली होती. शेजारी पडक्या गिरणीचे अवशेष आहेत आणि रेषा इतक्या ताज्या, की त्या गेल्या दोन-तीनशे वर्षांतल्याच असाव्यात असं अनेक अभ्यासक म्हणतात.

उसगाळीमळची चित्रं अभ्यासकांपर्यंत पोचली ती १९९३मध्ये. गावाला ती आधीपासून ठाऊक होती. गुराख्यांनी काढलेली, एवढीच त्यांची ओळख. पाहुणे यावर हसतात. मग मी सांगतो, पायलॉसच्या त्या पाटीच्या दुसऱ्या बाजूला बकऱ्यांचा हिशेब आहे.