माझ्या राज्यात समुद्र नाही

कऱ्हाळ नावाचं मनातलं राज्य मी आठ वर्षं वहीत सांभाळलं. ते छापून घ्यायला चार महिने लागले आणि त्यातले अडीच एका अक्षरानं खाल्ले. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

राज्य असं: पाच दऱ्या, पाच आड, नदी एकही नाही. पाहुणा आला की आधी "किती लांबून?" विचारायचं आणि अंतर बघून पाणी द्यायचं. जवळच्याला घोटभर, लांबच्याला तांब्या. तळाचं उरलेलं पाहुण्यानं स्वतः उठून झाडाच्या बुंध्याशी ओतायचं. रात्री अंगणात धोतरं-लुगडी पसरायची, पहाटे पिळून दहिवर गोळा करायचं आणि त्यात पीठ मळायचं. त्यामुळे तिथे राजापेक्षा आचाऱ्यांचा मान मोठा. कमीत कमी पाण्यात पंगत उठवतो तो थोरला आचारी, आणि अवसेला आडाचं झाकण काढायचा हक्क त्याचाच. हे कुठून सुचलं ते लातूरच्या माणसाला सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या घरी भांडी घासायचं पाणी झाडाला आणि आंघोळीचं संडासात जात होतं. अवस अर्थातच येळवशीवरून, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावास्येच्या सणावरून घेतली. फरक एवढाच, की आमच्याकडे त्या दिवशी शेतात अंबील आणि भज्जी पोट फुटेस्तोवर, कऱ्हाळात सगळं मापून.

लिहिणं झालं, चित्रं भाचीनं काढली, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मिळाला. मग प्रेस.

मी सगळं फोनवर युनिकोडात, म्हणजे सगळीकडे सारख्याच चालणाऱ्या अक्षरांत, टाइप केलेलं. लातूरच्या त्या प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर मात्र जुना फॉन्ट, म्हणजे मजकूर आधी कन्व्हर्टरमधून काढायचा. पहिलं मुद्रित, म्हणजे तपासायची कच्ची प्रत, हातात आलं आणि पहिलीच ओळ: 'कर्हाळ हे पाच दर्यांचं राज्य.'

दरीचं अनेकवचन दऱ्या. दर्या म्हणजे समुद्र. ज्या राज्यात लोक पहाटे लुगडं पिळून पाणी काढतात, तिथे पाच समुद्र! पुढे वाचलं तर 'आचार्यानं कढईत पळी फिरवली', 'आचार्यांनी कांदा चिरला'. स्वयंपाकघरात सगळे विद्वान.

ऑपरेटर भाऊ शांत. "ताई, ते तसंच येऊलालंय की. वाचताना कळतंय ना."

नाही कळत, भाऊ. मी शाळेत शिकवते. सूर्यातला रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो, दऱ्यातला र पुढच्या अक्षराच्या पोटाला आडवा चिकटतो, हे पोरांना समजावताना माझा घसा बसतो. युनिकोडात या दुसऱ्यासाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ वेगळा आहे. ऱ, हलन्त आणि य मिळून ऱ्य होतो. कन्व्हर्टर तो नुक्ता गिळत होता. एवढं मला दोन रात्री जागून कळलं. मी ते कागदावर लिहून दिलं. मालकांनी कागद घेतला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

दुसरं मुद्रित बारा दिवसांनी आलं. दऱ्या बरोबर, आचारी बरोबर. मी बसमध्येच खुश. औसा यायच्या आत तिसरं पान उघडलं: 'सूऱ्य मावळला.' मग 'काऱ्य'. मग 'आश्चऱ्य'. भाऊंनी एका दणक्यात सगळे र्य बदलून टाकले होते. खरं सांगते, त्या क्षणी रडू आलं आणि हसूही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं, घरी बरं आहे ना?" त्यांना काय सांगू?

मग तीन शनिवार, शाळा सुटली की वीसेक किलोमीटर बस, आणि भाऊंच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून एकेक जागा. मी बोट ठेवायची, ते दाबायचे. मधे कुणाची लग्नपत्रिका अर्जंट आली की मी बाहेर. तिसऱ्या शनिवारी भाऊ स्वतःच म्हणाले, "ताई, हा आचारी की आचार्य?" तेव्हा कुठे वाटलं, माणूस कऱ्हाळात शिरला.

तुम्हाला पुस्तक छापायला जायचं असेल तर प्रेसला पहिला प्रश्न हाच विचारा: युनिकोडात लावता का? नाही म्हणाले तर उठा. लाज वाटत असेल तर निदान एक पान लावून मागा, ज्यात ऱ्य, ऱ्ह, ॲ आणि तुमच्या राज्याची सगळी विचित्र नावं असतील. नावांची यादी कागदावर द्या, आणि तो कागद चहापासून लांब ठेवा. आणि हो, आयएसबीएनचं राहिलं: लेखकाला स्वतः ऑनलाइन मागता येतो, फी नाही, पण मुखपृष्ठ छपाईला जायच्या आधी हातात हवा. पानं सोळाच्या पटीत बसवा, कारण फर्मा सोळा पानांचा. माझी ११८ भरत होती. सात फर्म्यांत, म्हणजे ११२ पानांत बसवायला राजघराण्याची वंशावळ काढून टाकली. कुणालाच चुकल्यासारखं वाटलेलं नाही.

दोनशे प्रती आल्या. पान ६३, ओळ ४: 'दर्या'. एक राहिलाच.

शुद्धिपत्राची चिठ्ठी घालू म्हणाले, आमच्याकडून फुकट. दोन दिवसांनी गठ्ठा आला. चिठ्ठीवर छापलं होतं: 'दर्या' ऐवजी 'दर्या' वाचावे.

ती चिठ्ठी शेवटी मी हातानं लिहिली आणि औशात झेरॉक्स काढून घेतली.