बीजिंगमध्ये, ड्रॅगनच्या वर्षात

जुलैत बीजिंगला जाऊ नका, असं ज्याने त्याने सांगितलं होतं. उकाडा, गर्दी आणि वर पाऊस. पण फॉरबिडन सिटी, म्हणजे चिनी बादशहांचा जुना राजवाडा, पावसातच पाहावी, असं माझं आता ठाम मत आहे. ताइहेदिआन ही तिथली मुख्य दरबाराची इमारत. तिच्याखाली पांढऱ्या दगडाचा तीन थरांचा चौथरा आहे आणि त्याच्या कडेने हजाराहून जास्त ड्रॅगनमुखं बाहेर डोकावतात. एरवी ती नुसती शोभेची वाटतात. जोराची सर आली आणि चौथऱ्यावरचं सगळं पाणी त्या तोंडांतून पडू लागलं. लोक भिजत मोबाइल धरून उभे!

आग ओकणारा ड्रॅगन युरोपातला. चीनचा पाण्याचा: ढगांत राहतो, पाऊस पाडतो, नद्या-समुद्र त्याच्या ताब्यात. बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा त्यांतले नागराज तिथे ड्रॅगनराज झाले. त्या यादीत आपले वासुकी आणि तक्षकही आहेत.

नऊ ड्रॅगनांची भिंत पूर्वेकडच्या भागात आहे. वेगळं तिकीट पडतं, काढाच. चियानलोंग बादशहाने निवृत्तीनंतर राहायला वाडा बांधून घेतला, त्याच्या दारासमोरची ही १७७२ मधली भिंत. उंची साडेतीन मीटर, लांबी जवळजवळ तीस, सगळी चकचकीत रंगीत फरशांची. मधला ड्रॅगन पिवळा, कारण तो बादशहाचा रंग. पूर्वेकडून तिसऱ्या, पांढऱ्या ड्रॅगनच्या पोटाशी मात्र नीट पाहा. एक तुकडा बाकीच्यांसारखा चमकत नाही, कारण तो लाकडाचा आहे. फरशी फुटली, नवी भाजायला वेळ नव्हता आणि कळलं तर मान जाणार, म्हणून कारागिराने गुपचूप लाकूड कोरून पांढरं रंगवलं, अशी कथा सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण तिथल्या सोन्यानाण्यापेक्षा मला तो तुकडा आवडला.

आमच्या गाइडबाईंनी नखं मोजायला शिकवलं. पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा. सरदारांनी चारांवर भागवायचं. एवढा जपून ठेवलेला प्राणी, आणि पंचांगाने तो रयतेला फुकट वाटला! चिनी पंचांगात प्रत्येक वर्ष एकेका प्राण्याचं. बारा वर्षांच्या चक्रात उंदीर, बैल, वाघ, ससा यांच्यानंतर ड्रॅगन येतो, आणि बारांत काल्पनिक असा तो एकटाच. त्या वर्षी जन्मलेलं हमालाचं पोरही ड्रॅगनच. म्हणून मूल याच वर्षी व्हावं अशी आजही अनेकांची धडपड असते. २०१२ मध्ये सिंगापूर, हाँगकाँग, तैवानमध्ये जन्म वाढले होते. पुढे शाळाप्रवेशाला याच पोरांची गर्दी होणार, हे तेव्हा कोण लक्षात घेतो?

बाई स्वतः १९८८ च्या, म्हणजे २०२४ हे त्यांच्याच राशीचं वर्ष. मला वाटलं, चैन असेल. उलट! स्वतःच्या राशीचं वर्ष जपून काढायचं असतं, आपल्याकडे साडेसाती काढतात तसं. त्यांच्या मनगटावर लाल दोरा होता, आईने बांधलेला. आपला यावर विश्वास नाही, असं त्या म्हणाल्या आणि दोरा बाहीखाली सारला.

त्यांच्या धाकट्या बहिणीला दिवस गेले होते. डॉक्टरांनी दिलेली तारीख जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली आणि ड्रॅगनचं वर्ष २८ जानेवारी २०२५ ला संपणारं. सासूबाई कॅलेंडर घेऊनच बसल्या होत्या म्हणे. चार दिवस पुढे गेलं तर साप. पण सापाला तिकडे छोटा ड्रॅगन म्हणतात, तेव्हा सासूबाईंची अगदीच निराशा होणार नव्हती.