कळलावी, मोडलेला कंद आणि मी

कळलावी या फुलवेलीचा कंद मी खुरप्याने मोडला. इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार, दोन बोटं जोडल्यासारखा. डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, असतो तो फक्त टोकाला, आणि मी उडवलं नेमकं तेच टोक! दुसरं टोक शाबूत होतं म्हणून निभावलं. दोन्ही तुकडे लावले. डोळ्याचा उगवला, बिनडोळ्याचा कुजला.

दुसरी चूक आधाराची. जाडजूड बांबू रोवून दिला, तर वेल आपली जमिनीवर लोळतेय. मग नीट निरखून पाहिलं. हिला आधार पकडायला वेगळे तणावे (दोऱ्यासारखे तंतू) नसतातच. पानाचं टोकच निमुळतं होत जातं आणि शेवटी शेपटीसारखं गुंडाळतं. त्या इवल्याशा वळशात बांबू कसा मावणार? सुतळी ताणली, चार वाळक्या काटक्या खोचल्या, आठवड्यात बाईसाहेब वर.

फुलाची कळी हिरवी, मान खाली घातलेली. उमलताना सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात, कडा नागमोडी. आधी पिवळ्या, मग शेंदरी, शेवटी लालभडक. एकाच वेलीवर तिन्ही रंग दिसतात, माझा सकाळचा चहा तिथेच गार होतो.

पाऊस सरला की ती पिवळी पडून वाळते. पहिल्या वर्षी मेली समजून मी कुंडी रिकामी करायला निघाले होते. आता पाणी तोडते, कंद मातीतच झोपू देते.

आणि हो, सगळी वेल विषारी आहे, कंद आणि बिया तर फारच. त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. लहान मूल किंवा कुत्रं घरात असेल तर लावूच नका. मीही हातमोजे घालूनच कंद हाताळते.