रताळ्याला घाई चालत नाही
रताळी घेताना लोक सगळ्यात जाडजूड का उचलतात हे मला कधी कळलेलंच नाही. मोठं रताळं शिजायला वेळ खातं, टोकं पार गळून गेली तरी मध्ये कच्चं, आणि कधीकधी खाताना नुसते दोरेच दोरे. मी आपली मध्यम, दोन्हीकडे निमुळती, हाताला टणक लागणारी घेते आणि टोकं आधी दाबून बघते, कारण सडायला सुरुवात बहुतेक तिथूनच होते. बारीक भोकं दिसली की सरळ बाजूला. किडकं रताळं कडू निघतं आणि तो कडूपणा शिजवूनही जात नाही, त्यामुळे तेवढाच भाग कापून बाकीचं खाऊ ही असली काटकसर इथे नको.

घरी आणलं की फ्रीजमध्ये मात्र टाकायचं नाही बरं का. साधारण 10 अंशांच्या खाली फार दिवस राहिलं की गर आतून कडक होतो, मग कितीही उकडा, मधला भाग दाताखाली कचकच लागतोच. न धुता, टोपलीत, हवेशीर अंधाऱ्या जागी ठेवायचं, बास. (कोंब आले तर घाबरू नका, बटाट्यासारखं ते विषारी होत नाही.)

खरी गंमत शिजवण्यात आहे. रताळ्यातच एक एन्झाइम असतं, ते स्टार्चची साखर करतं, आणि त्याचं काम जोरात चालतं साधारण 60 ते 75 अंशांच्या मध्ये, त्यामुळे मंद आचेवर भाजलं की त्याला भरपूर वेळ मिळतो आणि सालीतून पाकासारखे तपकिरी थेंब बाहेर येऊन तिथेच चिकटून बसतात, मायक्रोवेव्हमध्ये मात्र तेच रताळं झटकन तापतं आणि बिचारं पिठूळच राहतं.

आता हेल्दी खायचंय म्हणणाऱ्यांची गोची अशी की भाजलेल्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचं माप) उकडलेल्यापेक्षा बराच जास्त, म्हणजे शुगर सांभाळणाऱ्यांनी उकडलेलंच बरं, तेही स्वच्छ घासून सालीसकट. आणि केशरी गराचं मिळालं तर वर चमचाभर तेल किंवा तूप हवंच, कारण त्यातलं बीटा कॅरोटीन, ज्याचं शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, ते अंगी लागायला फॅट लागतं. डाएटच्या नावाखाली कोरडं रताळं पाण्याबरोबर गिळणाऱ्यांना हे पटवणं महाकठीण. मी पटवायच्या भानगडीत पडतच नाही, चमचा आधीच घालून मग ताट पुढे करते.