आमची वाटचाल : टायरपासून चेसिसकडे

घरी बांधलेल्या हलक्या स्पोर्ट्‌स कारचे पुढचे सस्पेन्शन एवढेच आमचे काम. वरचा आणि खालचा विशबोन (चाक चेसिसला जोडणारे दोन पायांचे आर्म), त्यांचे बुश (आर्म ज्यावर फिरतो ते लवचीक बेअरिंग), चेसिसला लावायच्या ब्रॅकेट आणि वेल्ड करताना हे सगळे जागेवर धरायची चौकट, म्हणजे जिग. मागचा एक्सल, ब्रेक, शॉकअप यांत आम्ही हात घालत नाही. गाडीचा साचा १९५७ च्या लोटस सेव्हनपासून चालत आलेला: पाइपची चेसिस, इंजिन पुढे, पुढची चाके बाहेर उघडी. चालकासकट वजन ६८० किलो, त्यातले ४८ टक्के पुढे, व्हीलबेस २३०० मिमी आणि पुढच्या चाकांत १३५० मिमी. खालचे सगळे आकडे याच गाडीचे आहेत.

आमचा पहिला संच चेसिसपासून सुरू झाला होता, आणि चूक तिथेच होती. चेसिसवर ब्रॅकेट सोयीच्या जागी लावल्या, तिथून बाहेर चाकापर्यंत समान लांबीचे, समांतर दोन आर्म काढले. बनवायला याहून सोपे काही नाही. पण समांतर आर्ममुळे गाडी वळणात ३ अंश कलली की चाकही तिच्याबरोबर ३ अंश बाहेर कलते. ज्या बाहेरच्या टायरवर सगळा भार आलेला असतो, तोच नेमका कडेवर उभा राहतो. त्या संचातली एकच गोष्ट आज वापरात आहे, खालच्या आर्मचा २५ मिमी व्यासाचा, २.५ मिमी जाडीचा सीमलेस पाइप.

दुसऱ्या संचापासून क्रम उलटा केला. आधी टायर आणि रिम, मग रिममध्ये बसेल तो अपराइट (चाकाचा हब धरणारा उभा भाग), मग अपराइटवरचे दोन बॉल जॉइंट (त्याला आर्मशी जोडणारे गोळ्याचे सांधे), मग आर्मच्या रेषा, आणि चेसिसवरची जागा सगळ्यांत शेवटी. चेसिसचा पाइप २० मिमी सरकवता येतो. बाजारातल्या ओतीव अपराइटमधले टेपर भोक सरकवता येत नाही.

अपराइट स्वतः बनवायच्या फंदात आम्ही पडलो नाही. दुसऱ्या गाडीचा घ्यावा, पण त्याचा स्वभाव ओळखून. फोर्ड कॉर्टिनाचा अपराइट घरी बांधणाऱ्यांच्या जुन्या पसंतीचा. मजबूत, पण बिडाचा आणि जड. फोर्ड सिएराचा मॅकफर्सन स्ट्रटसाठी (वरचा आर्म नसलेली, शॉकअपनेच अपराइट वरून धरणारी रचना) असल्याने त्याच्या डोक्यावर बॉल जॉइंटची जागाच नाही, लेथवर वेगळा तुकडा करून बसवावा लागतो. माझदा एमएक्स-५ चा मुळात दोन विशबोनसाठीच केलेला, म्हणून सरळ बसतो. यातला कुठलाही घ्या, तो जास्त वजनाच्या गाडीसाठी केलेला आहे हे विसरायचे नाही. हलक्या गाडीत पुढच्या टायरवर भार कमी, त्यामुळे मूळ गाडीइतकाच कॅस्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा मागचा कल) ठेवला तर वळणातून बाहेर येताना स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही, हाताने परत आणावे लागते. आम्ही ५ ते ७ अंश ठेवतो.

दुसऱ्या संचात खालचा बॉल जॉइंट जमिनीपासून १७० मिमीवर आणि वरचा ४०० वर आला, म्हणजे मध्ये २३० मिमी. खालचा आर्म गाडी उभी असताना आडवा, वरचा चेसिसकडे साधारण साडेसहा अंश उतरता. दोन्ही रेषा आत वाढवल्या की चाकापासून सुमारे २००० मिमीवर भेटतात. त्या बिंदूपासून टायरच्या तळापर्यंत ओढलेली रेषा गाडीच्या मध्यावर ५७ मिमी उंचीवर येते. हे रोल सेंटर, वळणात गाडीचा पुढचा भाग ज्याभोवती कलतो तो बिंदू. गाडी ३ अंश कलली की बाहेरचे चाक ३५ मिमी वर जाते आणि आर्म त्याला १ अंश परत आत ओढतात. उभ्या गाडीत १ अंश उणा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल, वरची कड आत असली की उणा) ठेवला असेल तर टायरच्या वाट्याला १ अंशच बाहेरचा कल उरतो. हीच रेषा १२०० मिमीवर भेटवली तर वळणात चाक आणखी सरळ राहील, हे खरे. पण मग ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग २५ मिमी दबला की उणा कॅम्बर १.२ अंशाने वाढतो आणि ऐन ब्रेकिंगमध्ये टायर आतल्या कडेवर येतो. २००० ही आमची तडजोड. कागदावर याहून चांगली भूमिती काढता येते, रस्त्यावर तिचा फायदा आम्हाला दिसला नाही.

मजबुतीचा हिशेब ब्रेकपासून करावा. १.२ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट) ब्रेकिंगला पुढच्या प्रत्येक चाकावर सुमारे २३०० न्यूटन भार येतो आणि टायर २७५० न्यूटनने मागे ओढला जातो. ही ओढ जमिनीवर, दोन्ही बॉल जॉइंटच्या खाली, म्हणून खालच्या जॉइंटवर ती वाढून ४८०० न्यूटन होते आणि वरचा जॉइंट उलट पुढच्या दिशेला २०५० न्यूटनने ढकलला जातो. खालचा आर्म जाड आणि त्याचे पाय लांब का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. वरच्याला १९ मिमीचा, २ मिमी जाडीचा पाइप पुरतो. खड्ड्यासाठी वेगळी तपासणी: उभा भार तिप्पट, आडवा दुप्पट धरून.

शॉकअप आम्ही बनवत नाही, पण तो, त्याच्यावरच्या स्प्रिंगसकट, आमच्या खालच्या आर्मवर बसतो. ३५० मिमी लांब आर्मवर त्याची जागा आतल्या बुशपासून २६५ मिमीवर, आणि आर्मच्या काटकोनापासून तो ३० अंश कललेला. शॉकअपच्या चालीचे चाकाच्या चालीशी गुणोत्तर ०.६६ येते. एका कोपऱ्यावर स्प्रिंगवरचे वजन १३५ किलो आणि हवी ती गती सेकंदाला १.६ झोके धरली तर चाकापाशी १३.६ न्यूटन प्रति मिमी ताठरपणा लागतो. त्याला गुणोत्तराच्या वर्गाने भागा. स्प्रिंग सुमारे ३२ न्यूटन प्रति मिमीची. हा वर्ग अनेकजण विसरतात. बॉनेटखाली जागा नाही म्हणून कोणी शॉकअप ४५ अंश कलवतो आणि स्प्रिंग तीच ठेवतो. चाकापाशी ताठरपणा एक तृतीयांशाने घटतो, गाडी ब्रेकला नाक टेकते, आणि दोष शॉकअपला दिला जातो.

तिसऱ्या संचाचे कारण स्टीअरिंग. दुसऱ्या संचाची गाडी सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालायची, उंचवट्यावर मात्र आपल्या मनाने वळायची. याला बंप स्टीअर म्हणतात, आणि हे डोळ्याने दिसत नाही, मोजावेच लागते. आमची रीत अशी. चेसिस पाणसळ लावून ठोकळ्यांवर पक्की बसवायची. स्प्रिंग काढून टाकायची, शॉकअपच्या जागी काहीच नाही. स्टीअरिंग मध्यावर आणून रॅक (स्टीअरिंगची आडवी सरकणारी दातेरी दांडी) बांधून टाकायचा, नाहीतर सगळे मोजमाप वाया. हबला ४०० मिमीचा सपाट अॅल्युमिनियम पत्रा बोल्टने लावायचा आणि त्यावर एकमेकांपासून ३०० मिमी अंतरावर, एकाच उंचीवर दोन डायल गेज टेकवायचे. मग खालून जॅकने चाक १० मिमीच्या टप्प्यांनी ५० मिमी वर आणि ५० मिमी खाली न्यायचे आणि दर टप्प्याला दोन गेजमधला फरक लिहायचा. पूर्ण चालीत तो फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवा, म्हणजे ०.१ अंश.

आलेख काढला की दुखणे कुठे आहे ते आलेखच सांगतो. तिरकी सरळ रेषा आली तर टाय रॉडच्या (रॅक अपराइटला जोडणाऱ्या दांडीच्या) एका टोकाची उंची चुकली आहे. रॅकखाली १ मिमीच्या शिम (पातळ पट्ट्या) घालून किंवा काढून ती मिळते. कमान आली, म्हणजे चाक वर न्या किंवा खाली, टो (वरून पाहता चाकाचा आत किंवा बाहेर रोख) एकाच बाजूला सरकतो, तर टाय रॉडची लांबी चुकली आहे आणि शिमांनी काही होणार नाही. दुसऱ्या संचात कमान होती. दुसऱ्या गाडीचा रॅक जसाच्या तसा घेतला होता, त्याचे आतले जॉइंट जास्त बाहेर, म्हणून टाय रॉड आखूड. रॅक एक्सलच्या पुढे असल्याने दोन्ही दिशांना टो-इन, म्हणजे चाकाची पुढची कड आत. हे जॉइंट वरच्या आणि खालच्या आर्मच्या आतल्या बुशांना जोडणाऱ्या रेषेवर यायला हवेत. आता आम्ही रॅक आधी ठरवतो आणि बुशांच्या जागा त्याच्याशी जुळवतो. रॅक कापून जोडायचा विचारही नको. स्टीअरिंगच्या कुठल्याही भागावर वेल्ड मारायचा नाही, कोणी कितीही चांगला वेल्डर असला तरी.

बुशच्या आतली स्टीलची नळी ही सगळ्या संचातली सर्वांत साधी वस्तू, आणि सर्वाधिक तक्रारी तिच्याच. बाहेरचा व्यास १८, भोक १२, लेथवर दोन मिनिटांचे काम. ती पॉलियुरेथेन बुशपेक्षा ०.४ मिमी लांब हवी. बोल्ट आवळला की ब्रॅकेटचे दोन कान नळीवर घट्ट बसतात, नळी जागची हलत नाही आणि बुश तिच्याभोवती फिरतो. नळी आखूड झाली की कान बुशलाच चिमटतात. आर्म जड चालतो, बुश चरचरतो, आणि काही दिवसांनी कानाच्या मुळाशी तडा जातो. उलट मिलिमीटरभर लांब झाली तर ब्रेकला ‘टक्’ असा आवाज. बसवताना सिलिकॉन ग्रीस. बोल्ट एम १२, ८.८ ग्रेडचा, आणि त्याचा गुळगुळीत भाग दोन्ही कानांच्या पार जाईल इतका लांब. कानात आटे येता कामा नयेत. रबर चिकटवलेले बुश वापरत असाल तर गाडी जमिनीवर, चालकाचे वजन ठेवून मगच बोल्ट आवळायचा. हवेत आवळला तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

ब्रॅकेट ३ मिमी पत्र्याच्या, नेहमी दोन कानांच्या. त्या पाइपच्या मध्यावर नको, जिथे चेसिसचे पाइप एकत्र येतात त्या सांध्याजवळ हव्यात, नाहीतर पाइप वाकतो आणि मिळवलेला टो रोज बदलतो. वेल्ड थंड होताना कान आत ओढले जातात, म्हणून मध्ये नेमक्या मापाचा ठोकळा बोल्टने आवळूनच वेल्ड करतो. आर्मचेही तेच. आधी सगळीकडे टॅक (वेल्डचे छोटे ठिपके), मग समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने थोडे थोडे, आणि पूर्ण थंड होईपर्यंत जिगमधून काढायचे नाही. एवढे करूनही आर्मला वेल्ड केलेली, बुश बसायची बाहेरची नळी थोडी अंडाकृती होतेच, तेव्हा तिचे भोक वेल्डनंतर रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) साफ करतो. क्रोम प्लेटिंगची मागणी येते, आम्ही नाही म्हणतो. प्लेटिंगच्या आम्लात हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होऊ शकते. फिका राखाडी रंग बरा, त्यावर तड्याची रेघ लगेच दिसते.

सध्याच्या संचात वरचा बॉल जॉइंट आट्यांचा, एम १८ गुणिले १.५ (व्यास १८ मिमी, एका फेऱ्याला १.५ मिमी सरकणारा). एका पूर्ण फेऱ्याला कॅम्बर ०.३७ अंश बदलतो. अर्धा फेरा चालत नाही, पिन वर तोंड करते. आटे आत किमान २७ मिमी. वरच्या ब्रॅकेटमध्ये बुशच्या दोन्ही बाजूंना ६-६ मिमीची वॉशर, सगळ्या एका बाजूला नेल्या की कॅस्टर दीड अंशाने सरकतो. खालच्या आर्मला आटे नाहीत. तिथे रॉड एंड (आट्यांच्या दांडीवरचा गोळ्याचा सांधा) लावून द्या असे अनेकजण म्हणतात, पण शॉकअपचा भार आर्मला वाकवतो आणि रॉड एंडची दांडी आट्यांच्या मुळाशी तुटते.

संच बसवल्यावर स्प्रिंग घालण्याआधी चाक पूर्ण खाली सोडून स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवायचे आणि बॉल जॉइंटची पिन कडेला अडत नाही ना ते हाताने पाहायचे. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळून नट आणि ब्रॅकेट यांवरून रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवायची. रेघ तुटलेली दिसली तर नुसता नट आवळून गाडी रस्त्यावर नेऊ नका. बोल्ट काढून आधी आतली नळी मोजा.