नदी निवडते, बर्फ निवडत नाही

सह्याद्रीतल्या दऱ्या पाण्याने कापलेल्या. त्यामुळे नववीत हिमनदीचा धडा आला तेव्हा हिमगव्हर (बर्फाने डोंगरात कोरलेली खोलगट पोकळी), मेषशिला (बर्फाने घासलेला खडक), हिमोढ हे सगळे शब्द आम्हाला परके होते. आपल्या भूगोलाच्या बाईंनी त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि वर्ग थेट नदीच्या पात्रात नेला. एका जागी गोटे, पुढे जाड वाळू, वळणाच्या आत बारीक रेती, काठाशी चिखल. "नदी निवडते, बर्फ निवडत नाही," बाई म्हणाल्या. पाण्याचा वेग मंदावला की आधी जड माल खाली बसतो, मग हलका. बर्फ मात्र अजस्र धोंडे आणि पिठासारखी भुकटी एकत्रच वाहून आणतो आणि वितळेल तिथे एकत्रच टाकतो. तोच हिमोढ.

पुढे कितीतरी वर्षांनी गंगोत्रीहून गोमुखाकडे, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या तोंडाकडे, चालताना भोजबासाच्या पुढे एक ढासळलेला उतार दिसला. धोंडे, खडी, राखाडी माती, सगळं एकात एक कालवलेलं. थर म्हणून नाही. मी तिथे बराच वेळ थांबलो. सोबतचे लोक बर्फ बघायला घाईने पुढे गेले. मला तो उतार सोडवेना.

गोमुखाच्या वर तपोवनाकडे चढलं की याच मालाची लांबच लांब भिंत, म्हणजे पार्श्व हिमोढ, हिमनदीच्या कडेने जाते. तिचा माथा आजच्या बर्फाच्या खूप वर आहे, म्हणजे कधीकाळी बर्फ तिथवर भरलेला होता. गंगोत्री हिमनदी आजही सुमारे ३० किलोमीटर लांब आहे, पण १९३५ साली भूवैज्ञानिक जॉन ऑडन यांनी पाहणी केली तेव्हापासून तिचं तोंड एक किलोमीटरहून जास्त मागे सरकलंय. पूर्वी तिला येऊन मिळणाऱ्या रक्तवर्ण आणि चतुरंगी या हिमनद्या आता तिच्यापासून तुटल्या आहेत. समोर ६,५४३ मीटरचं शिवलिंग शिखर. डोंगराच्या निरनिराळ्या बाजूंनी हिमगव्हरं पोखरत आत आली आणि मध्ये हे टोकदार गिरिशृंग उरलं.

हिमोढात दगडमातीला सांधणारं काही नसतं, हे बाईंनी तेव्हाच बजावलं होतं. केदारनाथच्या वरचा चोराबारी ताल अशाच हिमोढाने अडवलेला होता. जून २०१३ मध्ये मुसळधार पाऊस आणि वितळत्या बर्फाचं पाणी त्यात साठत गेलं, १७ तारखेच्या सकाळी तो बांध फुटला आणि तलाव खाली वस्तीवर आला. ती बातमी वाचताना मला नदीपात्रातला तो तास आठवला आणि अंगावर काटा आला.

गोमुखाचे माझे फोटो शाळेच्या भूगोल कक्षासाठी दिले आहेत. प्रत्येकामागे नाव लिहिलंय: पार्श्व हिमोढ, गिरिशृंग, हिमगव्हर. नववीच्या मुलांनी आधी नदीवर जाऊन यावं आणि मग ते पाहावेत, एवढी माझी विनंती आहे.