बंपरवरचा पोचा घरच्या घरी काढला: माझा अनुभव

कोकणातल्या शृंगारतळीच्या बाजारात गाडी लावून सामान आणायला गेलो आणि परत आलो, तर मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर तळहाताएवढा पोचा. शेजारी उभी केलेली मोटरसायकल कलंडली, तिचं हँडल बंपरवर आदळलं आणि मालक ती उचलून निघून गेला, एवढं समोरच्या दुकानदाराने सांगितलं. भांडायला समोर कोणीच नव्हतं.

घरी आल्यावर नीट पाहिलं. रंग उडाला नव्हता, प्लास्टिक फाटलं नव्हतं. मधे खोलगट खड्डा आणि वरच्या बाजूला बोटभर लांबीची एक कडक घडी. गॅरेजमध्ये दाखवलं तर मिस्त्री म्हणाला, बंपर उतरवायचा, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायचं आणि अख्खा बंपर रंगवायचा, कारण नुसता कोपरा रंगवला तर तो वेगळा दिसतो. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण एवढ्याशा पोच्यासाठी कंपनीचा मूळ रंग घालवायचा, हे मला पटेना.

विम्याचाही विचार केला. माझी पॉलिसी झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी, नाही. साध्या पॉलिसीत बदललेल्या प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला वर आणखी १००० रुपये सक्तीने आपल्या खिशातून जातात. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षं क्लेम केला नाही की ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. एका पोच्यासाठी तो घालवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला असता.

मामांच्या ओळखीचे चिपळूणचे एक जुने डेंटर, म्हणजे गाड्यांचे पोचे काढणारे कारागीर, आहेत. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "पत्र्याला ठोकतात, प्लास्टिकला तापवतात. घाई करू नका. आधी बंपरच्या आतल्या बाजूला काय लिहिलंय ते वाचा, मग मला सांगा."

वाचायचं तर आत हात जायला हवा, आणि त्यासाठी चाकाच्या वरचं काळं अस्तर सोडवावं लागतं. ते काही स्क्रूंवर आणि प्लास्टिकच्या क्लिपांवर बसलेलं असतं. क्लिपची मधली पिन चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच वर उचलली की क्लिप सैल होते. पिन न उचलता ओढली तर तुटते. आमच्याकडे खरा त्रास स्क्रूंचा. घर समुद्राच्या अगदी जवळ आणि पावसाळा नुकताच संपलेला, त्यामुळे स्क्रूंची डोकी गंजून एकजीव झालेली. त्यांच्यावर तेल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी पिळलं. जोर केला असता तर खाचच उडाली असती. अस्तर खाली घेतलं तेव्हा आतून तांबड्या मातीचा लगदा धपकन पडला. तो पाण्याने धुऊन काढल्यावर टॉर्च लावून पाहिलं. बंपरच्या पाठीवर उठावदार अक्षरं होती: पीपी+ईपीडीएम-टीडी२०.

त्यांचा अर्थ डेंटरकाकांनी समजावला. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ईपीडीएम हे रबर, धक्का बसला तरी बंपर तडकू नये म्हणून मिसळलेलं. टीडी२० म्हणजे २० टक्के टाल्क, आपल्या भाषेत शंखजिऱ्याची पूड, ताठपणासाठी. बहुतेक गाड्यांचे बंपर याच जातीचे असतात. हे प्लास्टिक तापलं की मऊ पडतं आणि निवलं की घट्ट होतं. साच्यातून निघताना मिळालेला आकार त्याच्या अंगात मुरलेला असतो. पोचा म्हणजे जबरदस्तीने अडकवलेला ताण. नवी चटई कितीही सरळ केली तरी तिची टोकं पुन्हा वळतात, तसं हे प्लास्टिक ऊब मिळाली की आपल्या जागी जायला बघतं. आपण फक्त त्याची वाट मोकळी करायची. फायबरग्लासचा भाग असता तर हा उपाय चालला नसता. तो तापवून वळत नाही, तडकतो. म्हणून आधी अक्षरं वाचायची.

अक्षरं सापडलीच नाहीत तर निदान लोहचुंबक फिरवून पाहावा. चिकटला तर तो पत्रा, आणि पत्र्याचं काम वेगळं. माझ्या गाडीत बंपर कुठे संपतो आणि मागचा पत्रा कुठे सुरू होतो हे मी चुंबकानेच पक्कं करून घेतलं, कारण पोच्याची एक कड त्या सांध्याच्या जवळ येत होती. सांध्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी होती, म्हणजे आतलं ब्रॅकेट शाबूत होतं. ते तुटलं असतं तर नुसता पोचा काढून उपयोग नव्हता.

आता पार्किंग सेन्सर. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना ते सक्तीचे आहेत, त्यामुळे अलीकडच्या बहुतेक गाड्यांच्या मागच्या बंपरमध्ये ते असतातच. माझा एक सेन्सर पोच्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याची वायर आतून बाजूला घेऊन बांधली आणि बाहेरून त्याच्यावर ओल्या फडक्याची जाड घडी चिकटपट्टीने बसवली. पाण्याची त्याला फारशी भीती नाही, पण आच लागू द्यायची नाही.

मग बंपर साबणाने धुतला. आमची जांभ्याची धूळ बारीक आणि करकरीत असते. ती राहिली आणि वर फडकं घासलं, तर पोचा जाईल पण रंगावर ओरखडे राहतील.

सकाळी गाडी अंगणात आणली. न्हाणीघरातला बंब पेटलेलाच होता. आई म्हणाली, "अरे, बंबातलं कढत पाणी आहे तेच घे की." ते सुरुवातीला कामी आलं. सगळा कोपरा त्याने आधी कोमट करून घेतला. पण अंघोळीचं पाणी कितीही कढत असलं तरी ते या कामाला पुरत नाही, खळखळून उकळी आलेलंच लागतं. म्हणून चुलीवर मोठं पातेलं ठेवलं आणि चहाच्या किटलीत भरून आणत राहिलो. किटलीला चोच असते, त्यामुळे धार नेमकी पडते आणि अंगावर उडत नाही.

उकळतं पाणी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, आणि त्याला कारण आहे. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळतं, त्याच्या वर ते जात नाही. पॉलिप्रॉपिलीन वितळतं १६० अंशांच्या आसपास. म्हणजे पाण्याने प्लास्टिक मऊ होईल, पण वितळणार नाही, आणि एकाच जागी जळण्याचा तर प्रश्नच नाही. गरम हवा फेकणाऱ्या हीट गनच्या तोंडाशी याच्या कितीतरी पट उष्णता असते, तिथे लक्ष जरा ढळलं की रंगाला फोड येतात. अडचण एवढीच की प्लास्टिकमधून उष्णता सावकाश जाते. बाहेरचा पृष्ठभाग तापला तरी आतली बाजू थंडच असते. त्यात वारा असेल तर ओतलेलं पाणी लगेच निवतं. म्हणून धार थांबवायची नाही, आणि नुसत्या खड्ड्यावर न ओतता आजूबाजूला चारही बाजूंनी हात-हातभर भिजवत राहायचं. पोचा अडकतो तो त्याच्या उंच झालेल्या कडेमुळे. कड थंड राहिली तर मधला भाग कितीही दाबा, तो उलटून येत नाही.

पुतण्याने ओतायचं काम घेतलं, मी जाड रबरी हातमोजे घालून आत हात घातला. सुरुवातीला काहीच हाललं नाही. प्लास्टिक ताठ होतं तोवर मी दाबलंच नाही, नुसता तळवा टेकवून ठेवला. थोड्या वेळाने तळव्याला ऊब जाणवायला लागली, मग दाबल्यावर भिंत किंचित लवायला लागली. मग तळहात सपाट ठेवून सावकाश दाब वाढवला. टप्प असा आवाज झाला आणि खड्डा बाहेर आला. पुतण्या बाहेरून ओरडला, "काका, आला, आला!" लगेच विहिरीचं गार पाणी ओतलं, म्हणजे आकार धरून राहतो.

मोठा खड्डा गेला, पण वरची ती घडी राहिली. उन्हात तिच्याकडे सरळ पाहिलं तर दिसत नव्हती. बंपरमध्ये समोरच्या पोफळींचं प्रतिबिंब पडत होतं. सगळी खोडं सरळ उभी, आणि घडीपाशी आली की मोडल्यासारखी वाकडी. पोचा निघाला की नाही हे हाताने किंवा नुसत्या नजरेने कळत नाही. सरळ रेषेचं प्रतिबिंब पाहावं, नाहीतर रात्री टॉर्च बाजूने तिरपा धरून पाहावं.

घडीवर प्लास्टिक तीव्र वाकलेलं असतं, तिथे पाणी पुरत नाही. वाडीतल्या इलेक्ट्रिशियनकडे हीट गन असते, वायरवरच्या नळ्या आवळून बसवायला. ती मागून आणली. कमीतल्या कमी आचेवर ठेवून, वीतभर लांबून, हात सतत फिरता ठेवला. अधूनमधून गन बाजूला करून बोटाची पाठ टेकवून पाहत होतो. बोट क्षणभरही ठेववेना, इतकं तापलं की थांबायचं. रंगाची चकाकी बदलायला लागली तर आच जास्त झाली असं समजून लगेच दूर व्हायचं.

आतून दाबायला इथे तळवा चालत नाही, कारण दाब नेमका घडीवर हवा. डेंटरकडे त्यासाठी वेगवेगळे गुळगुळीत दांडे असतात. माझ्याकडे करवंटी होती. नीट तासलेली, गोलाई एकसारखी, सुती कापडात गुंडाळलेली. ती घडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे थोडी थोडी सरकवत दाबत गेलो आणि बाहेरून ओल्या फडक्याने निववत गेलो. तापव, दाब, निवव, पुन्हा प्रतिबिंब पाहा. घडी एका झटक्यात जात नाही, दर खेपेला थोडी सपाट होते. या टप्प्यावर जास्त दाबण्याचा मोह आवरावा. प्लास्टिक बाहेरच्या बाजूला फुगलं तर तो उंचवटा खड्ड्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो.

काही जण बाथरूमचा सक्शन पंप लावून ओढायला सांगतात. खड्डा पसरट आणि जागा सपाट असेल तर तो धरतो, पण बंपरच्या कोपऱ्याच्या वळणावर हवा शिरते आणि तो सुटतो. कोरडा बर्फ किंवा गार फवारा मात्र प्लास्टिकवर अजिबात मारू नये. गारठ्याने हे प्लास्टिक कडक आणि ठिसूळ होतं, आणि आपल्याला हवं त्याच्या अगदी उलट घडतं. लांबी भरायची तर खड्डा शक्य तितका निघाल्यानंतर, तीही प्लास्टिकवर धरणारी, लवचिक. पॉलिप्रॉपिलीनवर साधी लांबी किंवा रंग पकडच घेत नाही. आधी प्लास्टिकचा प्रायमर लागतो, नाहीतर पापुद्रा सुटतो.

माझ्या बंपरवर शेवटी केसाएवढी एक रेष राहिली, जिथे घडीवर वरचं लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तडकलं होतं. खाली प्लास्टिक उघडं पडलं नव्हतं. माझ्या गाडीत बोनेटखालच्या पट्टीवर रंगाचा कोड आहे, तो सांगून टचअपची बाटली आणली, जागा स्पिरिटने पुसली आणि बारीक ब्रशने रेष भरली. हीच रेष दरवाजाच्या पत्र्यावर असती तर मी एक दिवसही तशी ठेवली नसती. आमच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा बघता बघता गंज धरतो. प्लास्टिकला ती भीती नाही.

अस्तर परत बसवताना जुने गंजलेले स्क्रू टाकून दिले आणि त्याच मापाचे स्टेनलेस स्टीलचे घातले. दोन क्लिपांच्या पिना झिजल्या होत्या, त्या चिपळूणला स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाल्या. सेन्सरवरचं फडकं काढलं, वायर जागेवर अडकवली आणि गाडी रिव्हर्सला टाकून पुतण्याला मागे उभं केलं. चारही सेन्सर बोलले. मग डेंटरकाकांना फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला असणार, कारण त्यांचा लगेच फोन आला: "सांध्याच्या बाजूला अजून थोडं राहिलंय. वैशाखात गाडी उन्हात उभी करून पुन्हा एकदा करा, निघेल."